रोड ट्रेन शेजारून जाते तेव्हा

गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे ऑस्ट्रेलियातून पत्र आले. पत्र म्हणजे अर्थात ई-मेल. पण लिहिले होते मात्र जुन्या पद्धतीने, चांगले दोन-अडीच पाने. तो अनेक वर्षे पर्थ शहरात राहतो. सुट्टीत तो, त्याची पत्नी आणि सहावीतली मुलगी असे तिघे जण मोटारीमागे कॅरॅव्हॅन जोडून ॲडलेडकडे निघाले होते. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचे एका खोलीचे घर. त्यात बिछाने असतात, शेगडी असते, पाण्याची टाकी असते. त्याला स्वतःचे इंजिन मात्र नसते. मोटार ओढील तिकडे ते जाते.

या प्रवासात नलारबोर नावाचे एक मोठे माळरान लागते. 'एकही झाड नाही' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून हे नाव पडले. त्यातून जाणारा आयर महामार्ग सुमारे १,६६० किलोमीटर लांबीचा आहे. पूर्वी त्याचा बराच भाग कच्चा होता. शेवटचा तुकडा डांबरी झाला तो १९७६ साली. त्यावर बॅलडोनिया ते कायगुना या दोन ठाण्यांच्या दरम्यान रस्ता १४६.६ किलोमीटर इतके अंतर एकही वळण न घेता सरळ जातो. पेट्रोल आणि चहा मिळण्याची ठिकाणे शंभर-दोनशे किलोमीटरवर एक. काही ठिकाणी महामार्गावरच पांढरे जाड पट्टे रंगवून विमान उतरवण्याची जागा आखलेली आहे, कारण कोणी आजारी पडले तर डॉक्टर विमानाने येतात!

अशा रस्त्यावर भीती कसली, असे तुम्हाला वाटेल. आता पत्रातला पुढचा मजकूर वाचा.

"सर, मी ताशी ९० किलोमीटर वेगाने चाललो होतो. आरशात एक मोठा ट्रक दिसला. थोड्या वेळाने तो उजवीकडून पुढे जाऊ लागला. त्याचे तोंड आमच्या कॅरॅव्हॅनच्या मागच्या टोकाशी आले मात्र, कॅरॅव्हॅनचे शेपूट डावीकडे ढकलले गेले आणि मोटारीचे तोंड आपोआप रस्त्याच्या कडेकडे वळू लागले. मी स्टिअरिंग जरा उजवीकडे घेतले, तोच कोणी तरी आम्हाला ट्रककडे ओढून घेत असल्यासारखे वाटले. मग कॅरॅव्हॅन मागे डोलू लागली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, प्रत्येक वेळी जास्तच. ट्रक काही संपता संपेना. मी घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. ब्रेक लावायचे भानच राहिले नाही. हळूहळू डोलणे थांबले. ट्रक पुढे निघून गेला. रस्त्याकडेला थांबलो तेव्हा माझे हात थरथरत होते. मुलगी मात्र विचारत होती, 'बाबा, ट्रक आपल्याला लागलाच नाही, मग ढकलले कोणी?' मी 'वारा' एवढेच सांगू शकलो. तुम्ही आम्हाला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकवलेले यात कुठे तरी आहे असे वाटते, पण कुठे ते सापडत नाही."

मुलीचा प्रश्न अगदी योग्य आहे. आणि ब्रेक लावायचे भान राहिले नाही हे फार चांगले झाले, हेही मी त्याला लिहिले. ते का, ते आता पाहू या.

रोड ट्रेन म्हणजे काय?

त्याच्या शेजारून गेला तो साधा ट्रक नव्हता. एका इंजिनामागे दोन लांबलचक ट्रेलर जोडलेले होते. अशा वाहनाला ऑस्ट्रेलियात रोड ट्रेन म्हणतात, म्हणजे रुळांवाचून धावणारी आगगाडी. दोन ट्रेलरांची रोड ट्रेन ३६.५ मीटरपर्यंत लांब असते. उत्तरेकडच्या ओसाड प्रदेशात तीन ट्रेलरांची रोड ट्रेन धावते. तिची लांबी ५३.५ मीटरपर्यंत जाते. आपल्या एसटीच्या पाच गाड्या एकीला एक चिकटून उभ्या केल्या, तर साधारण एवढी लांबी भरेल.

हे वाहन हौसेने निर्माण झालेले नाही. १९३४ मध्ये सरकारने एक आठचाकी इंजिनगाडी आणि तिच्यामागे ट्रेलर अशी पहिली जोडणी त्या भागात चालवून पाहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲलिस स्प्रिंग्ज गावच्या कर्ट योहानसन या कल्पक माणसाने, लष्कराने विकून टाकलेली रणगाडे वाहणारी गाडी घेतली आणि तिच्यामागे स्वतः बनवलेले ट्रेलर जोडून गुरांची वाहतूक सुरू केली. पुढच्या ट्रेलरच्या चाकोरीतूनच मागचा ट्रेलर यावा, अशी त्याच्या ट्रेलरांची रचना होती. ज्या प्रदेशात रेल्वे नाही आणि माणसांची वस्ती विरळ आहे, तिथे एका चालकाने शक्य तितका माल न्यावा, हा त्यामागचा हिशेब. आजही दूरच्या खाणी, गुरांची कुरणे आणि लहान गावे या गाड्यांवरच जगतात. कॅरॅव्हॅनवाला सुट्टीवर असतो, ट्रकवाला कामावर असतो. हा फरक लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

दोन ट्रेलरांच्या भरलेल्या रोड ट्रेनचे वस्तुमान सुमारे ८० टन धरू. ती ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा किती? वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणून निम्मे केले की उत्तर येते सुमारे ३ कोटी १० लाख ज्यूल. आमच्या विद्यार्थ्याची मोटार आणि कॅरॅव्हॅन मिळून साडेचार टन. ताशी ९० किलोमीटर वेगाला त्यांची ऊर्जा १४ लाख ज्यूल. म्हणजे जवळजवळ बावीसपट फरक. ही सगळी ऊर्जा थांबताना ब्रेकमधून उष्णतेच्या रूपाने बाहेर पडावी लागते.

आता समजा, पुढे चाललेल्या कॅरॅव्हॅनमुळे या ट्रकला ब्रेक लावून १०० वरून ८० वर यावे लागले. पुन्हा १०० वर जाण्यासाठी त्याला सुमारे १ कोटी ११ लाख ज्यूल नव्याने मिळवावे लागतील. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३ कोटी ६० लाख ज्यूल ऊर्जा असते आणि इंजिन त्यातील चाळीस टक्क्यांच्या आसपास चाकांना देते. भागाकार करा. पाऊण लिटरहून थोडे जास्त डिझेल, केवळ एकदा मंद होऊन पुन्हा वेग घेण्यासाठी! आणि वेळ? इंजिन भले सहाशे अश्वशक्तीचे असेल, पण त्यातील निम्मी शक्ती हवेचा आणि टायरांचा रोध सोसण्यातच जाते. उरलेल्या शक्तीने तो वेग परत मिळवायला एखादे मिनिट लागते. ट्रक मागे येऊन चिकटला की कॅरॅव्हॅनवाल्याला वाटते, हा मला दमदाटी करतो आहे. पुष्कळदा तो फक्त आपला मिळवलेला वेग घालवायला तयार नसतो.

चाळीस सेकंद

ओव्हरटेक करायला किती वेळ लागतो, हे गणित तुम्हाला आगगाडी आणि पुलाच्या उदाहरणांवरून येतेच. तेच इथे लावू.

मोटार आणि कॅरॅव्हॅन मिळून लांबी १३.५ मीटर. ट्रक ३६.५ मीटर. ट्रक कॅरॅव्हॅनच्या ३० मीटर मागे असताना बाहेर निघतो आणि मोटारीच्या ३० मीटर पुढे गेल्यावर आपल्या बाजूला परततो, असे मानू. म्हणजे मोटारीच्या तुलनेत त्याला ३० + १३.५ + ३६.५ + ३० = ११० मीटर अधिक जायचे आहे.

ट्रकचा वेग १००, मोटारीचा ९०. सापेक्ष वेग ताशी १० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला केवळ २.७८ मीटर. धावणाऱ्या शाळकरी मुलाहूनही कमी! ११० ला २.७८ ने भागले की येतात जवळजवळ ४० सेकंद. घड्याळ समोर ठेवून चाळीस सेकंद गप्प बसून पाहा, म्हणजे हा काळ केवढा आहे ते कळेल. तेवढ्या वेळात ट्रक समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूने १,१०० मीटर जातो. त्याच वेळी समोरून एखादी मोटार ताशी ११० वेगाने येत असेल, तर ती १,२१० मीटर येते. म्हणजे ट्रकवाल्याला सव्वादोन किलोमीटरहून अधिक रस्ता मोकळा हवा. (तीन ट्रेलर असते तर ४६ सेकंद आणि २.७ किलोमीटर.) माळरानावर दिवसा तापलेल्या हवेत दूरची मोटार मृगजळात थरथरत असते, ती दोन किलोमीटरवर आहे की तीन, हे डोळ्यांनी ठरवणे सोपे नाही.

आता एकच गोष्ट बदलू. ट्रक बाहेर निघाला की मोटारवाल्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल करून वेग ८० वर येऊ दिला. सापेक्ष वेग दुप्पट, ताशी २० किलोमीटर. वेळ निम्मा, म्हणजे २० सेकंदच. आणि मोकळ्या रस्त्याची गरज ११५५ मीटर. ७० वर आला तर ट्रकला अवघे १३ सेकंद आणि ७७० मीटर पुरतात. (वेग एकदम उतरत नाही, म्हणून प्रत्यक्षात आकडे थोडे मोठे येतील.) मोटारवाल्याचे नुकसान काय झाले? दहा-वीस सेकंदांचा उशीर.

तुम्ही म्हणाल, मग ट्रक आरशात दिसताच वेग कमी करावा! नाही. इथेच बहुतेकांची चूक होते. मागे असलेला ट्रकवाला तुमचा आत्ताचा वेग गृहीत धरून अंदाज बांधत असतो. कदाचित उतारावर त्याने थोडा वेग जमवलेला असतो. अशा वेळी तुम्ही मंद झालात तर त्याला ब्रेक लावावा लागतो, म्हणजे ते पाऊण लिटर डिझेल आणि एक मिनिट गेलेच, शिवाय तो आता तुमच्या शेपटाशी अडकला. म्हणून तो मागे असेपर्यंत आपला वेग एकसारखा ठेवायचा, आपल्या बाजूने सरळ जायचे आणि तो पुरता उजव्या मार्गिकेत आल्यावरच पाय उचलायचा. आधी नाही, फार नंतरही नाही. ऑस्ट्रेलियातले जाणते कॅरॅव्हॅनवाले हेच करतात.

काही जण भलाईपोटी गाडी साइडपट्टीवर उतरवतात. ही भलाई धोक्याची आहे. डाव्या चाकांखाली खडी, उजव्या चाकांखाली डांबर; दोन्हींचे घर्षण निराळे. कॅरॅव्हॅन एका बाजूला कलते, खडे उडून ट्रकच्या काचेवर जातात आणि हा माणूस पुढे काय करणार हे ट्रकवाल्याला कळेनासे होते.

ढकलले कोणी?

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. तिच्या बाबांचे 'वारा' हे उत्तर चूक नव्हते, अपुरे होते.

ट्रकचे तोंड म्हणजे जवळजवळ उभी भिंतच. ती सेकंदाला २७.८ मीटर वेगाने पुढे सरकते, तेव्हा समोरची हवा तिला वाट देण्यासाठी बाजूंना सरते. नावेच्या नाळेपुढे पाणी फुगते ना, तशी हवा तिथे दाबली जाते. दाब किती वाढतो? अगदी तोंडासमोर तो जास्तीत जास्त हवेच्या घनतेच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून येतो तितका, म्हणजे सुमारे ४६० पास्कल. बाजूला तो झपाट्याने कमी होतो. कॅरॅव्हॅनपर्यंत समजा त्याचा पाचवाच हिस्सा पोहोचला, ९२ पास्कल. वातावरणाचा दाब एक लाख पास्कल असतो, त्यापुढे ९२ म्हणजे काहीच नाही. परंतु कॅरॅव्हॅनची बाजूची भिंत मोठी असते. तिचा मागचा अर्धा भाग ३ मीटर लांब आणि अडीच मीटर उंच धरला तर क्षेत्रफळ साडेसात चौरस मीटर. गुणाकार करा: सुमारे ६९० न्यूटन. म्हणजे ७० किलो वजनाइतके बल त्या भिंतीवर एकाएकी पडले.

हे बल चाकांच्या मागे पडते, हे महत्त्वाचे. कॅरॅव्हॅन आपल्या चाकांभोवती तराजूच्या दांडीसारखी फिरते. शेपूट डावीकडे गेले की पुढचे टोक उजवीकडे जाते. ते टोक मोटारीच्या मागच्या बाजूला जोडलेले. म्हणून मोटारीचा मागचा भाग उजवीकडे खेचला जातो आणि तिचे तोंड डावीकडे वळते. पत्रात त्याने लिहिले होते ते नेमके हेच!

पुढच्या दोन-तीन सेकंदांत ट्रकचे तोंड पुढे सरकते आणि हाच वाढीव दाब कॅरॅव्हॅनच्या पुढच्या अर्ध्या भागावर पडू लागतो. आता फिरवण्याची दिशा उलट. त्याच वेळी मागच्या भागाशेजारी ट्रकची बाजू आलेली असते. तोंडावरून कडेला वळलेली हवा तिथे वेगाने वाहते आणि वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब कमी असतो. दोन कागद थोड्या अंतरावर लोंबकळत धरून मधून फुंकर मारली की ते दूर न जाता जवळ येतात, तसेच हे. कॅरॅव्हॅनच्या डाव्या बाजूला नेहमीचा दाब आणि उजव्या बाजूला कमी, म्हणून ती ट्रककडे ओढली जाते. आणि दुर्दैवाने नेमक्या याच क्षणी, आधीच्या ढकलीला उत्तर म्हणून चालकाने स्टिअरिंग उजवीकडे घेतलेले असते. ओढ आणि स्टिअरिंग दोन्ही एकाच दिशेला!

समोरून येणारी रोड ट्रेनही असाच धक्का देते, पण ती एका सेकंदाच्या आत निघून जाते. तो धक्का म्हणजे एक चापट. ओव्हरटेक करणारी रोड ट्रेन मात्र रेंगाळत, आधी ढकलून मग ओढत जाते. झोक्याला नेमक्या वेळी हात लावल्यासारखे ते होते. कॅरॅव्हॅनच्या डोलण्याचा स्वतःचा आवर्तकाल साधारण दोन सेकंदांच्या घरात असतो, हे ध्यानात घ्या.

उलाळ गाडी

डोलणे सुरू का झाले ते कळले. पण ते वाढत का गेले? याचे उत्तर मी त्याला लगेच दिले नाही. उलट विचारले, "अरे, कॅरॅव्हॅनच्या मागच्या बाजूला काय काय ठेवले होतेस?" उत्तर आले: मागच्या कप्प्यात वीस-वीस लिटर पाण्याचे दोन कॅन आणि अगदी मागे, बाहेरच्या स्टँडवर दोन सायकली.

आपल्याकडे बैलगाडी भरणाऱ्याला हे सांगावे लागत नसे. ओझे मागे जास्त झाले की गाडी 'उलाळ' होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाले की ती 'धुरजड' होते आणि बैलांच्या मानेवर भार येतो. म्हणून जाणता गाडीवान ओझे आसावर आणि किंचित पुढे ठेवी. कॅरॅव्हॅनचा नियम हाच आहे. तिच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार मोटारीच्या मागच्या गोळ्यावर, म्हणजे जोडावर पडावा, असे ऑस्ट्रेलियात सांगतात. त्याची कॅरॅव्हॅन दोन टनांची. म्हणजे जोडावर २०० किलो हवेत. पाण्याचे ४० किलो आसामागे ३ मीटरवर आणि सायकलींचे ३० किलो साडेतीन मीटरवर. जोड आसापुढे साडेचार मीटरवर आहे. तरफेचा नियम लावा: या दोन वस्तूंनी जोडावरचे २७ आणि २३, मिळून ५० किलो उचलून धरले. मूळचे २०० असतील, तर उरले दीडशे. गाडी पुरती उलाळ नव्हे, पण त्या वाटेवर होती.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. एक मीटरची लाकडी पट्टी घ्या आणि दोन सारखी कुलपे तिच्या दोन टोकांना बांधा. पट्टी मधोमध मुठीत धरून मनगटाने डावी-उजवी फिरवा. मग तीच कुलपे मुठीच्या दोन्ही बाजूंना अगदी जवळ बांधा आणि पुन्हा फिरवा. वजन तेवढेच आहे, पण पहिल्या वेळी पट्टी फिरायलाही कुरकुरते आणि एकदा फिरू लागली की थांबायलाही. याला निरूढी-परिबल म्हणतात. (जडत्वाचेच दुसरे नाव निरूढी.) ते मोजताना वस्तुमानाला अंतराच्या वर्गाने गुणतात. चाळीस किलो पाणी आसापासून ३ मीटरवर असेल तर ४० × ९ = ३६०; तेच अर्ध्या मीटरवर आणले तर ४० × ०.२५ = १०. छत्तीसपट फरक! शेपटाला बांधलेले ओझे डोलणे थांबू देत नाही, ते असे.

तिसरा दोषी म्हणजे वेग. डोलणे शमवणारे बल येते टायरांकडून. कॅरॅव्हॅन बाजूला सरकू लागली की तिची चाके ज्या दिशेला तोंड करून असतात आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला जातात, त्यांत लहानसा कोन पडतो. तो कोन जितका मोठा, तितके टायर तिला जोराने परत खेचतात. आता बाजूला सरकण्याचा वेग तेवढाच ठेवून पुढचा वेग वाढवला, तर हा कोन लहान होतो. म्हणजे जसजसे तुम्ही वेगाने जाल, तसतसे शमवणारे बल क्षीण होत जाते. एका विशिष्ट वेगापलीकडे प्रत्येक डोलणे आधीच्यापेक्षा मोठे होऊ लागते आणि मग कॅरॅव्हॅन मोटारीला घेऊन उलटू शकते. मागे ओझे असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये हा धोक्याचा वेग खाली उतरतो.

आता पाय उचलण्याचे महत्त्व तुम्हाला दुसऱ्या बाजूनेही दिसेल. त्याने ट्रक लवकर पुढे जातो, म्हणजे ढकल-ओढ कमी वेळ टिकते. आणि आपला वेग उतरल्याने टायरांची शमवण्याची शक्तीही वाढते. माझ्या विद्यार्थ्याने घाबरून केले ते बरोबर ठरले.

आणि ब्रेक? एक दोरी जमिनीवर ठेवून मागून ढकला. ती वाकडीतिकडी होते. तीच पुढून ओढा, सरळ होते. मोटारीला जोराचा ब्रेक लावला की मागून कॅरॅव्हॅन तिच्यावर ढकलली जाते, आणि आधीच तिरकी असलेली जोडणी आणखी मुडपते. उलट, ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच कॅरॅव्हॅनना विजेवर चालणारे स्वतंत्र ब्रेक असतात आणि चालकाजवळच्या लहानशा कळीने फक्त तेवढेच लावता येतात. ते हळूच लावले की कॅरॅव्हॅन मागे खेचली जाते आणि दोरीसारखी सरळ होते. त्याच्या मोटारीतही ही कळ होती. चार वर्षांत त्याने तिला हात लावला नव्हता! पुढच्या प्रवासापूर्वी मोकळ्या मैदानात तिचा सराव कर, असे मी त्याला लिहिले.

रोड ट्रेनचा चालकही या नियमांतून सुटलेला नाही. तुम्ही साखळी करून धावलात की पहिला मुलगा थोडा वळतो आणि शेवटचा मुलगा भेलकांडत बाहेर फेकला जातो ना? पुढच्या इंजिनाची लहानशी हालचाल शेवटच्या ट्रेलरपर्यंत पोहोचताना मोठी होते. त्यामुळे रोड ट्रेनवाला समोर कांगारू आला तरी सहसा एकदम स्टिअरिंग वळवत नाही आणि तुमच्या चुकीपासून चटकन बाजूलाही होऊ शकत नाही. म्हणून शेजारून जाताना तिच्या शेवटच्या ट्रेलरला डोलायला जागा उरेल, इतके आपण डावीकडे, पण डांबरावरच राहायचे.

तिथल्या वाहतूक नियमांतही हे गणित उतरलेले आहे. साडेसात मीटर किंवा त्याहून लांब वाहनाने, म्हणजे कॅरॅव्हॅन जोडलेल्या मोटारीनेही, पुढच्या लांब वाहनापासून एरवी निदान ६० मीटर आणि रोड ट्रेनच्या प्रदेशात निदान २०० मीटर अंतर राखायचे असते. तीन-चार कुटुंबे कॅरॅव्हॅनची रांग करून निघाली आणि चिकटून चालली, तर ट्रकला मध्ये शिरायला जागाच नसते. त्याला चौघांना एका दमात ओलांडावे लागते. त्याला लागणारा मोकळा रस्ता किती, ते तुम्हीच काढा.

मी त्याला एक गोष्ट सुचवणार होतो, पण ती त्याला आधीच ठाऊक होती: रेडिओ. ट्रकवाले ४७७ मेगाहर्ट्झच्या आसपासचे छोटे रेडिओ वापरतात आणि महामार्गावर बहुतेक ठिकाणी चाळीस क्रमांकाच्या वाहिनीवर बोलतात. या लहरींची लांबी ६३ सेंटिमीटर. त्या बहुतांशी सरळ रेषेत जातात, त्यामुळे डोंगराआड पोहोचत नाहीत. पण नलारबोरला डोंगर आहेत कुठे? तिथे काही किलोमीटरवरचे बोलणे सहज ऐकू येते. पुष्कळ कॅरॅव्हॅनवाले मागच्या बाजूला '४०' असा आकडा चिकटवतात, म्हणजे मागच्या ट्रकवाल्याला कळते की हा ऐकतो आहे. बोलायचे ते थोडेच: "मी तुम्हाला पाहिले आहे, तुम्ही बाहेर आलात की मी वेग कमी करतो." 'रस्ता मोकळा आहे, या' असे मात्र सांगू नये. ट्रकला किती रस्ता लागेल आणि समोर किती मोकळा आहे, हे ट्रकवाल्यानेच ठरवायचे.

परतीच्या प्रवासाचेही पत्र आले. पाण्याचे कॅन आता आसाच्या वर, खाली जमिनीशी ठेवले होते. सायकली मोटारीच्या टपावर गेल्या होत्या. रेडिओवर बोलण्याचे काम मुलीने घेतले होते. एका ट्रकवाल्याने पुढे गेल्यावर दोन्ही बाजूंचे दिवे आळीपाळीने लुकलुकवले. ही त्यांची आभार मानण्याची पद्धत. ट्रक किती सेकंदांत गेला हे तिने घड्याळावर मोजले: बाहेर निघाल्यापासून परत येईपर्यंत २२ सेकंद. "सर, तुमच्या गणिताप्रमाणे मी ८० वर आलो असणार," असे त्याने लिहिले आहे. तो वेगाच्या काट्याकडे पाहत नव्हता, रस्त्याकडे पाहत होता, ते बरे.

तुमच्या गावाहून नलारबोर दूर आहे, पण साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर तुम्हाला भेटेलच. एसटीतून जाताना तुमची गाडी त्याला ओलांडू लागली की घड्याळ पाहा आणि चालकाचे तोंड ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीशी आल्यापासून एसटीचे शेपूट ट्रॅक्टरच्या पुढे जाईपर्यंतचे सेकंद मोजा. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्यांची लांबी कारखान्याच्या आवारात उभ्या असलेल्या एखाद्या गाडीजवळ पावलांनी मोजता येईल; एसटी सुमारे ११ मीटर धरा. यावरून सापेक्ष वेग काढा. मग मागच्या ट्रॉलीचे शेपूट केवढे डोलते आहे आणि ऊस आसाच्या कुठल्या बाजूला जास्त भरला आहे, तेही पाहा.